दोष हाताचा नव्हता

“पोरीचा हात अजून कच्चा आहे.”

हे वाक्य आमच्या जावईबापूंनी इंग्रजीत उच्चारले. मराठीत आणल्याने त्यातला अन्याय तिळभरही कमी होत नाही. बोटीवरच्या खलाशाने हातातले दांड्याचे जाळे खाली ठेवीत मान डोलावून त्याला अनुमोदन दिले. शेजारी कठड्याला टेकून उभ्या असलेल्या दोन अनोळखी गृहस्थांनी सहानुभूतीने ‘च् च्’ केले. माझी अकरा वर्षांची नात मात्र आपल्या सुजत चाललेल्या बोटांकडे पाहत गप्प उभी राहिली. घरी येईपर्यंत ती बोलली नाही. रात्री जेवतानाही नाही. झोपायला जाताना एवढेच म्हणाली, “आजोबा, मी परत नाही येणार. माझ्यामुळे मासा गेला.”

मासा तिच्यामुळे गेला नाही. तो कोणामुळे गेला हे मला ठाऊक आहे, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. दिवाळीच्या फराळाचे ताट समोर घेऊन बसलेल्या वाचकांना मासेमारीच्या रिळाविषयी सात-आठ पाने वाचायला लावणे हा थोडा अत्याचारच आहे, याची मला जाणीव आहे. शाकाहारी वाचकांची तर मी आधीच क्षमा मागून ठेवतो. तरीही माझी विनंती अशी की, रिळाच्या जागी आपल्या घरातला मिक्सर, शिवणयंत्र किंवा पाण्याचा पंप ठेवून वाचावे. गोष्ट बदलणार नाही.

आधी मासा. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात ज्याच्या मागे सगळी दुनिया धावते, त्याला तिथले लोक फ्ल्यूक म्हणतात, पुस्तकांत त्याला ‘समर फ्लाउंडर’ म्हटलेले असते. आपल्या कोकणातल्या लेप्याचा हा दूरचा नातलग, पण घराणे अधिक थोराड. अंग ताटासारखे चपटे आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला, डाव्या. जन्मतः तो इतर माशांसारखाच सरळ पोहणारा असतो. दोन बाजूंना दोन डोळे घेऊन येतो. पुढे वाढता वाढता एक डोळा कपाळावरून सरकत दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो आणि स्वारी कायमची कुशीवर आडवी होते. मग वाळूत अंग पुरून, रंग वाळूसारखा करून, फक्त डोळे बाहेर ठेवून ती सावजाची वाट पाहते. आळशी वाटते, पण आळशी नाही. तोंडात दात आहेत आणि झडप वाघाची आहे. हिवाळ्यातला जो दुसरा फ्लाउंडर त्या किनाऱ्यावर मिळतो, त्याचे डोळे उजवीकडे असतात आणि तोंड एवढेसे असते. तो किडे खाणारा गरीब प्राणी. या दोघांना एक समजणाऱ्या माणसाशी तिथले गरवणारे बोलतसुद्धा नाहीत.

हा मासा धरायचा तर बोटीने जावे लागते आणि बोट वाहू द्यावी लागते. नांगर टाकायचा नाही. यंत्र बंद करायचे, आणि भरती-ओहोटीचा ओघ व वारा नेईल तिकडे बोट जाऊ द्यायची. शिशाचा गोळा तळाला ठेवायचा. त्याच्या मागे वीतभर अंतरावर गळ आणि गळाला माकुलाची लांबट पट्टी. बोट सरकते तसा गोळा वाळूवर टप् टप् उड्या मारीत जातो, पट्टी त्याच्यामागे लहरत जाते आणि वाळूतल्या वाघाला वाटते, कोणी छोटा मासा पळतो आहे. गोळा तळाला लागलेला कळलाच पाहिजे. तळ सुटला की संपले. म्हणून खोली बदलली, वारा वाढला, ओघ फिरला की अंगठ्याखाली रीळ मोकळे करायचे, थोडी दोरी सोडायची, पुन्हा बंद करायचे, पुन्हा मोकळे करायचे. अटलांटिक हायलंड्सच्या धक्क्यावरून सुटणारी बोट सँडी हूकच्या वाळूच्या दांड्याला वळसा घालून बाहेर पडते. त्या दांड्यावर १७६४ सालापासून दीपगृह उभे आहे, आणि हवा स्वच्छ असली तर उत्तरेला न्यूयॉर्कच्या इमारती दिसतात. तिथे चार तास वाहत राहिलेल्या माणसाने ते रीळ किती वेळा उघडले-मिटले याचा हिशेब मी एकदा ठेवायचा प्रयत्न केला होता. दोनशेच्या पुढे मोजणे सोडून दिले.

रिळाच्या विश्वासूपणाविषयी बोलणारे लोक नेमके हेच विसरतात. दुकानातला विक्रेता रीळ हातात देतो, एक गरका मारायला सांगतो आणि विचारतो, “पाहिलंत, किती मऊ?” मऊ असतेच. लोण्यासारखे असते. पण फ्ल्यूकच्या बोटीवरच्या रिळाला लोण्याचे काम नसते, हमालाचे असते. पाव-दीड पाव शिसे तळातून वर खेचायचे, खाली सोडायचे, पुन्हा वर खेचायचे, खारे पाणी अंगावर घेत राहायचे, आणि दिवसभरात एकदा, केव्हा ते सांगता येत नाही, मोठ्या माशाचे धक्के सोसायचे. दुकानातला गरका म्हणजे वधूपरीक्षेच्या वेळी विचारलेला ‘गाता येतं का?’ हा प्रश्न. संसाराशी त्याचा संबंध बेताचाच.

आता त्या दिवशी काय घडले ते सांगतो. नातीला गळ लागल्याचे कळले, तिने घाई केली नाही. काठी हलकेच उचलली, वजन जाणवल्यावर रीळ फिरवू लागली. फ्ल्यूक दूर पळत नाही, तो डोके झटकतो. काठीच्या टोकाला ‘नाही, नाही, नाही’ असे झटके दिसू लागले की मोठा फ्ल्यूक आहे समजावे. चाळीस-पन्नास फुटांवरून तिने तो वर आणला. पाण्याखाली हातभर अंतरावर तो तपकिरी, रुंद आकार मी स्वतः पाहिला. मोजला नाही, म्हणून त्याची लांबी सांगत नाही, गरवणाऱ्या जमातीच्या परंपरेला सोडून असले तरी. खलाशाने जाळे पुढे केले. माशाने शेवटचा झटका दिला, आणि रिळाची मूठ जिथल्या तिथे थांबायची ती भर्रकन उलटी फिरली. मुठीचा दणका पोरीच्या बोटांच्या पेरांवर बसला, दोरी सैल पडली, आणि सैल दोरीवर मासा जे करतो ते त्याने केले.

माझे विरोधक, म्हणजे घरातलेच लोक, म्हणतात की तिने माशाचे डोके पाण्याबाहेर उचलले असणार. नवशिके असे करतात हे खरे आहे. डोके बाहेर आले की झटक्याला पाण्याचा आधार उरत नाही आणि गळ निसटतो. पण मी तिच्या डाव्या हाताला उभा होतो. काठीचे टोक खाली होते, डोके पाण्यात होते. आणि समजा, तिने डोके उचलले असते, तरी मूठ उलटी का फिरावी? माशाचे डोके आणि रिळाची मूठ यांचा काय संबंध? या प्रश्नाला बोटीवर कोणी उत्तर दिले नाही. यंत्र नवे होते, किमती होते, खोक्यावर सोनेरी अक्षरे होती. मुलगी अकरा वर्षांची होती. दोष कोणाला द्यायचा हे ठरलेलेच होते.

मी मुंबईच्या एका कापडगिरणीत रिंग खात्यात फिटर होतो. यंत्रापुढे माणसाला दोषी ठरवण्याचा हा प्रकार मला नवा नाही. सूत तुटले की आधी साहेबाची नजर कामगाराच्या हाताकडे जायची. चातीचे बेअरिंग खाल्ले गेले आहे हे दुपारनंतर कळायचे, आणि तोपर्यंत त्या माणसाचा दंड कापलेला असायचा. म्हणून त्या रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरले आणि रीळ उघडले.

उघडले म्हणजे सहज उघडले असे नव्हे. एका स्क्रूचे डोके अशा आकाराचे होते की घरातला एकही स्क्रूड्रायव्हर त्यात बसेना. ते मुद्दाम तसे केलेले असते. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन खास टोक आणावे लागले. आत काय होते, ते थोडे समजावून सांगतो, कारण सगळा वाद तिथेच आहे.

मूठ उलटी फिरू नये म्हणून जुन्या रिळांत एक दातेरी चाक आणि त्यात अडकणारी खिट्टी असे. विहिरीच्या रहाटाला असते तसेच. चाक पुढे गेले की खिट्टी टक् टक् करीत दात्यांवरून सरकते, मागे जाऊ लागले की दात्यात रुतते. ओबडधोबड, पण प्रामाणिक. तिचा एक दोष आहे. दोन दात्यांमधले अंतर मूठ मागे सरकते, तेवढी ढिलाई राहते. ही ढिलाई काढण्यासाठी नव्या रिळांत एक नळकांडे बसवतात. त्यात दंडाच्या भोवती बारीक रुळ असतात आणि प्रत्येक रुळामागे एक नाजूक स्प्रिंग. दंड पुढे फिरला की रुळ मोकळे असतात. मागे फिरू लागला की ते उतरत्या जागेत पाचरीसारखे अडकतात आणि मूठ तत्काळ थांबते. कल्पना सुंदर आहे, मी तिला नमस्कार करतो. पण रुळ अडकायचे तर ते हलले पाहिजेत. त्यांच्यावर जाड ग्रीस थापले, किंवा खारे पाणी जाऊन मीठ साचले, तर स्प्रिंग त्यांना ढकलू शकत नाही. रुळ जागच्या जागी चिकटून बसतात आणि मूठ मोकळी सुटते. थंडीत ग्रीस घट्ट होते तेव्हा तर हमखास.

त्या नळकांड्यात ग्रीस होते. बोटाने काढता येईल इतके होते. रीळ वसंतात घेतलेले, दुसऱ्यांदा समुद्रावर गेलेले, त्याआधी कोणी उघडलेले नाही. म्हणजे ते ग्रीस कारखान्यातच भरले गेले होते. बंद करून, दोरी हाताला गुंडाळून मी झटके देऊन पाहिले. दर चार-पाच झटक्यांत एकदा मूठ सुटत होती. मग सगळे रुळ स्पिरिटने धुतले, वाळवले, शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा एक थेंब दिला आणि पुन्हा झटके दिले. हात दुखेपर्यंत दिले. मूठ एकदाही सुटली नाही. पहाटे तीन वाजता सौ. पाणी प्यायला उठल्या आणि मला हाताला दोरी बांधून टेबलाशी झगडताना पाहून काही न बोलता परत गेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात काही प्रश्न विचारायचे नसतात हे त्या शिकल्या आहेत.

आता खोक्याकडे वळतो. त्यावर ठळक अक्षरांत छापले होते: ‘९ + १’. नऊ म्हणजे नऊ बॉल बेअरिंग. आणि हा अधिक एक कोण? जाहिरातीतला हा ‘अधिक एक’ म्हणजे बहुधा तेच रुळांचे नळकांडे! ज्याने पोरीच्या बोटांवर दणका मारला, तोच खोक्यावर बेरजेचे चिन्ह घेऊन मिरवत होता. आणि उरलेल्या नवांचे तरी काय? बॉल बेअरिंगने रीळ हलके फिरते हे मान्य. पण साधे पोलादी बेअरिंग खाऱ्या पाण्यात गंजते, आणि गंजलेले बेअरिंग साध्या पितळी बुशापेक्षा वाईट. पितळी बुश झिजतो, पण झिजताना ओरडून सांगतो. ज्या जागी दंड मिनिटाला चार वेळा फिरतो तिथे बेअरिंग घालणे म्हणजे देवघराच्या दाराला चार कुलपे लावण्यासारखे आहे. ती तिथे असतात ती खोक्यावरचा आकडा वाढावा म्हणून. गिऱ्हाईक आकडा मोजते, आकड्याला पैसे देते.

जावईबापूंचा सिद्धान्त वेगळा आहे. ते म्हणतात, “बाबा, आणखी पैसे घातले असते तर हे झालं नसतं.” ते सज्जन आहेत, माझी काळजी घेतात, आणि त्यांच्या पगारातून आलेल्या बोटीच्या तिकिटावर मी समुद्रावर जातो. तरी त्यांचे हे म्हणणे मला मान्य नाही. दुप्पट किमतीच्या रिळातही तेच नळकांडे असते, आणि त्यामागे आधाराला साधी खिट्टी ठेवायची की नाही हे बनवणाऱ्याच्या मर्जीवर असते. खिट्टी ठेवली तर रुळ सुटले तरी मूठ एका दात्यापलीकडे जात नाही. ती खिट्टी काही सोन्याची नसते. पण खोक्यावर ‘एक खिट्टी’ असे छापून कोणाचा माल खपला आहे?

‘जुने ते सोने’ म्हणणारा म्हातारा अशी माझी वाचकांनी समजूत करून घेऊ नये. जुन्या रिळांचा इतिहास मी वाचला आहे आणि तो बोटे मोडण्याचा इतिहास आहे. चीनमधल्या मा युआन या चित्रकाराचे ११९५ च्या सुमाराचे एक चित्र आहे. त्यात थंडीतल्या तळ्यावर छोट्या होडीत एकटा बसलेला माणूस आहे आणि त्याच्या काठीला चक्क रीळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीतल्या एका घड्याळजीने दातेरी चाके लावून मुठीच्या एका फेऱ्यात रीळ अनेकदा फिरेल अशी सोय केली. १९०५ साली इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या लोकरगिरणीच्या मालकाने आपल्या गिरणीतल्या बॉबिनवरून सूत कसे उतरते ते पाहून न फिरणाऱ्या रिळाचे पेटंट घेतले. रिंग खात्यातल्या माणसाला हे वाचून किती आनंद झाला असेल, कल्पना करावी. पण समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी लोक जे रीळ वापरीत त्याची मूठ थेट रिळाला जोडलेली असे. मासा पळाला की मूठ उलटी गरगर फिरे आणि बोटे फोडी. ब्रेक म्हणून चामड्याची पट्टी अंगठ्याने दाबायची. १९१३ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटाजवळ मोठे मासे धरणाऱ्या बॉशन नावाच्या गृहस्थाच्या कल्पनेवरून व्होम होफे या कारागिराने चांदणीच्या आकाराच्या चाकाने घट्ट-सैल करता येणारा ब्रेक रिळात बसवला. एकाआड एक वायसरांची चळत, चांदणी फिरवली की दाबली जाते. ठरलेल्या जोरापलीकडे मासा ओढू लागला की दोरी सुटते, पण मूठ जागची हलत नाही. हा शोध माशासाठी नव्हता, बोटांसाठी होता. आणि एका शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, नऊ अधिक एक बेअरिंगे लावून, आम्ही पुन्हा अकरा वर्षांच्या मुलीची बोटे फोडण्यापर्यंत येऊन पोहोचलो.

नव्यातही चांगले आहे, ते नाकारणे हा कद्रूपणा होईल. ब्रेकचे जुने चामड्याचे वायसर ओले झाले की चिकटत आणि तापले की जळत. आताचे कार्बनचे वायसर खरोखरच उत्तम आहेत, झटक्याशिवाय सुटतात. पाणी आत जाऊ नये म्हणून रबराची कडी लावतात तीही चांगली. फक्त एक लक्षात ठेवावे. पाणी बाहेर ठेवणारी कडी, पाणी एकदा आत गेले की त्याला आतही ठेवते, आणि मालकाला कायमचे बाहेर.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांवर थोडा दोष ठेवणे भाग आहे. बोटीवरून परत आल्यावर आमच्या घरी रीळ धुण्याची पद्धत अशी होती की, अंगणातल्या नळाला पिचकारी लावायची आणि मोटार धुताना जसा फवारा मारतात तसा मारायचा. त्याने मीठ निघत नाही, मीठ आत ठोकले जाते. ब्रेक घट्ट करावा, गोड्या पाण्याची हलकी धार घ्यावी, फडक्याने पुसावे, सावलीत वाळवावे, आणि ठेवताना ब्रेक सैल करावा म्हणजे वायसर दबून राहत नाहीत. पाच मिनिटांचे काम. ज्यांना ही पाच मिनिटे नाहीत त्यांनी रिळाच्या नावाने खडे फोडू नयेत. पण कारखान्यात भरलेले ग्रीस कोणत्याही धारेने निघत नाही, म्हणून या खटल्यात आम्हाला मी निर्दोष सोडतो.

माझे मामा देवगडच्या बाजूला गरवायला जात तेव्हा त्यांच्याकडे रीळ नव्हतेच. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली दोरी, टोकाला शिसे, आणि ब्रेक म्हणून तर्जनी. त्या तर्जनीवर खोल चर पडलेला होता, त्यामुळे हाताची दोरी बरी असे मी म्हणणार नाही. पण मामांचे जे काही होते त्यातली एकही वस्तू त्यांना उघडता, बांधता, दुरुस्त करता येत नव्हती असे नव्हते. कोळीवाड्यात फाटलेले जाळे शिवता न येणारा तांडेल मी पाहिला नाही. जाळे फाटल्यावर नवे आणावे असे कोणी सुचवले असते तर त्याला वेडा ठरवले असते. अमेरिकेतही हे शहाणपण होते. फिलाडेल्फियात १९३२ साली ओटो हेन्झे या जर्मनीहून आलेल्या माणसाने पेन नावाने रिळांचा कारखाना काढला. त्यांचे ‘सेनेटर’ रीळ १९३६ सालचे. जड, कुरूप, तांबडे-काळे. बाजूचे स्क्रू काढले की सगळे पोट समोर येते, आणि प्रत्येक भागाला क्रमांक असतो. आमच्या बोटीवर ज्यांच्याकडे स्वतःची काठी नाही त्यांना भाड्याने जी काठी मिळते तिच्यावर असलीच जुनी रिळे असतात. रोज दोनदा समुद्रावर जातात, अनोळखी माणसांच्या हातून आपटली जातात, आणि चालतात. बोटीच्या मालकाला सोनेरी अक्षरांशी कर्तव्य नसते. रीळ बंद पडले तर त्याला गिऱ्हाइकाला पैसे परत करावे लागतात.

मी कंपनीला पत्र लिहिले. सभ्य लिहिले. काय घडले, आत काय आढळले, स्वच्छ केल्यावर काय झाले, सगळे तपशिलाने. तीन आठवड्यांनी उत्तर आले: ‘अधिकृत नसलेल्या व्यक्तीने यंत्र उघडल्यामुळे हमी रद्द झाली आहे.’ मी पत्रात हमी मागितलीच नव्हती!

याच संदर्भात मला एक मौजेची गोष्ट सापडली. अमेरिकेत हमीपत्रांविषयी १९७५ चा एक कायदा आहे. साध्या वस्तूवर हमी देताना ‘आमचेच सुटे भाग वापरा, आमच्याचकडे दुरुस्त करा, नाहीतर हमी नाही’ अशी अट सहसा घालता येत नाही, असे तो सांगतो. ‘हे लेबल काढल्यास हमी रद्द’ असल्या चिठ्ठ्यांबद्दल तिथल्या व्यापार आयोगाने २०१८ साली काही कंपन्यांना तंबीची पत्रेही पाठवली होती. या कायद्याला ज्या सेनेटरचे नाव आहे ते वॉरन मॅग्नसन. आणि पुढच्याच वर्षी, १९७६ साली, समुद्रातल्या माशांच्या रक्षणाचा जो कायदा झाला, ज्याच्या आधाराने फ्ल्यूकची मर्यादा ठरते, त्यालाही आज याच मॅग्नसनचे नाव आहे. एकाच गृहस्थाच्या नावाने मासाही राखला जातो आणि रीळ उघडण्याचा माझा हक्कही. पहिला कायदा पाळला नाही तर मला दंड होतो. दुसरा पाळला नाही तर कंपनीला छापील पत्र पाठवता येते.

आणि मासा राखणे ही चेष्टा नव्हे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हा मासा इतका ओरबाडला गेला होता की साठा कोसळला. मग बंधने आली, आणि २०११ साली साठा पुन्हा भरून आल्याचे जाहीर झाले. २०२४ च्या हंगामात न्यू जर्सीत, थोडे अपवाद सोडले तर, माणशी दिवसाला तीन मासे आणि प्रत्येक किमान १८ इंच असा नियम होता. त्याहून लहान तो परत पाण्यात. बोटीवर वर येणाऱ्या माशांतले बहुतेक परतच जातात, आणि ते जिवंत जावेत यासाठी त्यांना लवकर वर आणून, ओल्या हाताने धरून, गळ सोडवून सोडावे लागते. नात हे सगळे न सांगता करते. मोजपट्टीवर साडेसतरा इंच भरलेला मासा तिने स्वतः परत सोडलेला मी पाहिला आहे, तेव्हा एका मोठ्या माणसाने ‘कोण पाहतंय!’ असे म्हटले होते. हात कच्चा असलेली मुलगी ती ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला टेबलाशी बसवले. रुळ एका बशीत काढून ठेवले होते. ग्रीसने माखलेला एक आणि धुतलेला एक तिच्या बोटांवर ठेवला. पहिला चिकटून बसला, दुसरा घरंगळत खाली गेला आणि सोफ्याखाली गेला. तो शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. सापडल्यावर तिने विचारले, “मग बाबा तसं का म्हणाले?”

मला याचे उत्तर देता आले नाही. जावईबापूंनी दिले. त्यांनी रुळ पाहिले, मूठ स्वतः चार-पाचदा झटकून पाहिली, आणि मुलीला म्हणाले, “माझी चूक झाली.” माणसाकडून एवढे मिळाले.

कंपनीकडून मिळायचे आहे. माझ्या दुसऱ्या पत्राला त्यांनी उत्तर पाठवले की, सद्भावना म्हणून ते नवे रीळ द्यायला तयार आहेत, जुने मात्र आम्ही परत करावे. मी तिसरे पत्र लिहिले. नवे रीळ नको असे कळवले. त्याऐवजी त्यांनी त्यांच्या कागदावर, सहीनिशी, माझ्या नातीच्या नावाने एक ओळ लिहावी: दोष तुझ्या हाताचा नव्हता. पत्ता तोच.

अद्याप उत्तर नाही. जुने रीळ मी परत पाठवलेले नाही. मे महिन्यात हंगाम उघडल्यावर ते घेऊन आम्ही तिघेही बोटीवर गेलो होतो. मूठ तिच्याच हातात होती.